वहीत न मावलेली काटकसर

पीएच.डी.चा विचार करणाऱ्या बहुतेकांच्या वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब असतो. रूमभाडं इतकं, मेस इतकी, महिन्यातून दोनदा गावाला जायचं एसटीचं तिकीट, झेरॉक्स, रिचार्ज. फेलोशिप मिळाली तर खाली एक बेरीज, नाही मिळाली तर दुसरी. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. ती नसेल आणि तुम्ही केंद्रीय विद्यापीठात असाल तर नॉन-नेटचे ८,०००. राज्यातल्या विद्यापीठांत असे कितीतरी संशोधक आहेत ज्यांच्या हाती या दोन्हींपैकी काहीच येत नाही. विषय कोणता, मार्गदर्शक कोण, हे ठरायच्या आधी हे मागचं पान जुळावं लागतं. ते जुळलं नाही म्हणून संशोधनाला न आलेली हुशार मुलं तुमच्याही ओळखीत असतील.

आजचा लेख या मागच्या पानाच्या इतिहासाबद्दल आहे. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. पीएच.डी.ला मात्र मी कुटुंबांच्या जमाखर्चाच्या जुन्या पाहण्यांवर काम करते. सांगितलं की लोक हसतात, "म्हणजे किराणा मालाच्या याद्या वाचतेस होय?" हो, तेच करते. आणि त्या वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. लोकांनी कशावर किती खर्च केला हे या पाहण्यांत पैशापर्यंत सापडतं. पण त्यांनी काटकसर कशी केली, हे त्याच तक्त्यांत शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. जे वाचवलं त्याचा रकानाच नसतो. कोल्हापुरात राहून हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण इथे काटकसरीच्या सामायिक सोयी शंभर-सव्वाशे वर्षं उघड्या डोळ्यांना दिसतील अशा उभ्या आहेत.

याद्या कोणी केल्या, कशासाठी केल्या

थोडी पार्श्वभूमी. जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या संख्याशास्त्र कार्यालयात अर्न्स्ट एंगेल नावाचा प्रमुख होता. (मार्क्सचा मित्र फ्रेडरिक एंगेल्स तो वेगळा. मुलाखतीत ही गल्लत हमखास होते, म्हणून सांगून ठेवते.) त्याने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे खर्चाचे आकडे तपासले आणि एक नियम मांडला. कुटुंबाचं उत्पन्न वाढतं तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा कमी होत जातो. अन्नावरचा खर्च रुपयांत वाढतो, पण वाटा घटतो. अर्थशास्त्रात इतके दिवस टिकून राहिलेले नियम थोडे, त्यातला हा एक. आपल्याकडे १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५९ टक्के होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४७ टक्क्यांवर आला आणि शहरांत ४० टक्क्यांच्या आसपास. त्या पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. तुमच्या मागच्या पानावरची मेस एकूण बेरजेच्या किती टक्के आहे, काढून बघा. दोन मिनिटांत तुम्ही एंगेलच्या रेषेवर कुठे बसता ते कळेल.

मुंबई इलाख्यात अशा पाहण्या सुरू झाल्या त्या पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत. सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढलं आणि फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली मुंबईतल्या सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा झाले. १९२३ मध्ये तो अहवाल छापला गेला. त्यातलं एक वाक्य पुढे खूप गाजलं. गिरणी कामगार धान्य खातो ते दुष्काळ संहितेत सांगितलेल्या कमाल मापाइतकं, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं द्यायचं ठरलेलं आहे त्यापेक्षा कमी, अशा आशयाचं ते निरीक्षण होतं.

इथे जरा थांबा. कामगार लग्नकार्यात उधळतो, त्याला काटकसर कळत नाही, असं तेव्हाचे अनेक अधिकारी आणि सुधारक म्हणत. त्याच काळातले सरकारी आकडे सांगत होते की हा माणूस कैद्यापेक्षा कमी धान्यावर राबतोय. आता तुम्ही याला काटकसर म्हणणार की उपासमार? तक्ता दोन्हींत फरक करत नाही. कमी खर्च म्हणजे कमी खर्च. दोन घरांचा तेलाचा खर्च सारखाच कमी असेल, पण एका घराने फोडणीचं तेल ठरवून मोजून वापरलं असेल आणि दुसऱ्या घरात बुधवारनंतर तेलच नसेल. रकान्यात दोघांचा आकडा एकच पडतो.

कोल्हापूरच्या वाट्याला अशी मोठी पाहणी आली ती चाळीसच्या दशकात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात शहरांच्या सामाजिक-आर्थिक पाहण्यांचा धडाका लावला होता. पुण्यानंतर कोल्हापूर घेतलं गेलं. एन. व्ही. सोवनींनी ते काम तीन खंडांत लिहिलं. १९४८ च्या पहिल्या खंडात लोकसंख्या आणि जननदर, मग १९५१ मध्ये उद्योग-व्यापार-कामगार आणि १९५२ मध्ये कुटुंबजीवन आणि सामाजिक जीवन. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यामुळे पहिला खंड आला तेव्हा संस्थान होतं आणि तिसरा आला तेव्हा नव्हतं. शहरांचा इतिहास करणार असाल तर तिसऱ्या खंडापासून सुरुवात करा, असं मी सांगेन. अनेक जण पहिला खंड चाळून सोडून देतात आणि घरात शिरतच नाहीत.

शून्य रुपयांचा दिवस

आता रकान्याबाहेरच्या गोष्टींकडे येऊ. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेतून चालत जा, मिरचीच्या खाटाने ठसका लागतो. चटणीच्या डंकावर रांगा असतात. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या आपापल्या अंदाजाने मिसळून वर्षाची चटणी केली जाते. सोबत पापड, कुरडया, शेवया, सांडगे. ही वर्षाची बेगमी. पाहणी करणारा दारात आला तर काय लिहून घेईल? मिरची इतके किलो, धणे, खोबरं, तेल, मीठ, कांदा, लसूण आणि डंकवाल्याची मजुरी. मिरच्यांचे देठ खुडायला, उन्हात घालायला, मसाला भाजायला, लसूण सोलायला गेलेले दिवस तो लिहीत नाही. त्याच्या नमुन्यात ते विचारलेलंच नसतं.

बाजारातल्या तयार चटणीची किंमत घ्या आणि त्यातून घरी लागलेल्या मालाची किंमत वजा करा. जी बाकी उरते तिला आपण "वाचलेले पैसे" म्हणतो. पण नीट पाहिलं तर तिच्यातला मोठा भाग श्रमाची मजुरी आहे, जी कोणालाच दिली गेली नाही. "घरी केलं की स्वस्त पडतं" या वाक्यात कोणाचा तरी दिवस शून्य रुपयांना धरलेला असतो. आई, आजी, काकू, शेजारची वहिनी. जुन्या पाहण्यांत उत्तरं देणारा बहुतेकदा कुटुंबप्रमुख पुरुष, आणि त्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याकडे चटणीला खर्च फार नाही. तो खोटं बोलत नाही. त्याला ते दिवस दिसलेलेच नसतात.

वाकळेचंही तसंच. जुनेर लुगडी-साड्यांचे थर लावून, दुपारच्या वेळी चौघींनी मिळून टाके घालून शिवलेली वाकळ घरात दहा-पंधरा वर्षं चालते. कापड आधीच एकदा "खर्च" म्हणून मोजलं गेलंय, दुसऱ्यांदा ते कुठल्याच रकान्यात येत नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने वाकळ ही पूर्ण अदृश्य वस्तू आहे, आणि थंडीत अख्खं घर तिच्याखाली झोपतं.

या अदृश्य वेळाचं माप घ्यायला आपल्याकडे फार उशीर झाला. देशभराची पहिली वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ होते. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा घटला, अंतर तसंच राहिलं. ही मिनिटं जमाखर्चाच्या तक्त्यांशेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्या. नाहीतर तुमच्या प्रबंधातसुद्धा काटकसर करणारा "कुटुंबप्रमुख" असेल आणि ती जिने खरोखर केली ती कुठेच नसेल.

शेतातून घरी आलेल्या धान्याचा प्रश्न मात्र पाहण्या बनवणाऱ्यांनी बऱ्यापैकी सोडवला आहे. घरच्या शेतातली ज्वारी किंवा घरच्या म्हशीचं दूध खाल्लं तर त्याची किंमत गावातल्या शेतमालाच्या दराने धरायची, असा राष्ट्रीय नमुना पाहणीचा नियम आहे. ज्वारीला दर मिळाला. भाकरी थापण्याला नाही.

एक चूल की दहा

काटकसरीचा दुसरा मार्ग म्हणजे खर्च वाटून घेणं. एकट्याने रूम घेतली तर बल्ब एक, गॅस एक, झाडू एक. चौघांनी घेतली तरी बल्ब एकच. अर्थशास्त्रात याला मोठं नाव आहे, पण कॉट बेसिसवर राहिलेल्या कोणालाही ते शिकवावं लागत नाही.

कोल्हापूरला "विद्यार्थी वसतिगृहांची जननी" म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणासाठी काय केलं हे शाळेच्या पुस्तकात असतं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण फी माफ झाली म्हणून गडहिंग्लज किंवा भुदरगडकडचा मुलगा कोल्हापुरात शिकू शकत नाही. त्याला राहायला आणि जेवायला जागा हवी. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर फीचा आकडा लहान होता, जेवणाचा मोठा. महाराजांना हे फार लवकर कळलं होतं, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. पुढच्या काही वर्षांत मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क, नामदेव समाज, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांग लागली. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. इमारती, जागा, अनुदानं संस्थानाकडून मिळाली. दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर यातल्या काही पाट्या आजही दिसतात.

आता संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला इथे एक शंका येते. खर्च वाटून घ्यायचा तर एकच मोठं वसतिगृह स्वस्त पडलं असतं. एक आचारी, एक कोठार, एक मोठी चूल. मग इतकी वेगवेगळी का? तसा प्रयत्न झाला होता. १८९६ मध्ये कोल्हापुरात सगळ्या जातींसाठी एक सामायिक वसतिगृह सुरू झालं. प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले, बाकीचे टिकले नाहीत. पंगत, विटाळ, वेगळं पाणी यांपुढे एका चुलीचं गणित हरलं. मग महाराजांनी व्यवहारी मार्ग घेतला, ज्या त्या समाजाला त्याचं वसतिगृह. काहींना ही तडजोड खटकते आणि खटकावीही. पण तिचं मोल कोणी चुकवलं हे पाहा. जितक्या जाती तितक्या चुली, तितके आचारी, तितकी भांडी. जातीमुळे माणसाचा अपमान होतो हे आपण वाचलेलं असतं. तिच्यामुळे शिक्षणाचा दरडोई खर्चही वाढतो, हे मला बोर्डिंगच्या यादीकडे पाहताना पहिल्यांदा जाणवलं.

याच बोर्डिंगमधल्या एका विद्यार्थ्याने हे गणित पुढे बदललं. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. १९१० च्या सुमारास सांगलीजवळच्या दूधगावात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांचं वसतिगृह उभं केलं, १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला असं बोर्डिंग काढलं जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, रांधत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिलं गेलं. जी चूल १८९६ मध्ये पेटू शकली नव्हती ती इथे पेटली.

पैसा कुठून आला? त्यातला एक मार्ग होता मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळणाला बसण्याआधी एक मूठ धान्य वेगळं काढायचं. ढोबळ गणित मांडते. मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरा. शंभर घरांच्या गावात रोज ५ किलो धान्य जमतं. एका मुलाला दिवसाला अर्धा किलो लागतं असं धरलं तर दहा मुलं जेवतात. देणाऱ्या घरावर महिन्याला दीड किलोचा भार, तोही रोज एकेक मूठ असा विखुरलेला. त्या घराचा जमाखर्च कोणी लिहिला असता तर धान्याच्या रकान्यात ही मूठ "खाल्लेलं धान्य" म्हणून गेली असती. दहा मुलांचं शिक्षण त्या रकान्यात लपलेलं राहिलं असतं. आणि मूठ काढणारा हात पुन्हा बाईचाच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं, ही गोष्ट रयतच्या शाळांत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. त्यागाची कथा म्हणून ती सांगितली जाते. मी ती वित्तपुरवठ्याची नोंद म्हणूनही वाचते.

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी "कमवा आणि शिका" ही कल्पना विद्यापीठात रुजवली. विद्यार्थी भवन त्यांच्याच नावाने आहे. तिथे राहून, काम करून शिकलेले आज प्राध्यापक, अधिकारी आहेत.

भिशीचं गणित

खर्च वाटून घेता येतो तसं वाट पाहणंही वाटून घेता येतं. भिशी तुम्हाला माहीत आहे, पण कदाचित तिच्यातलं गणित नाही. बारा जणी, दरमहा प्रत्येकी १,०००. महिन्याला १२,००० जमतात, चिठ्ठी निघेल तिला सगळे मिळतात. वर्षात प्रत्येकीचा नंबर एकदा लागतो. व्याज नाही, नफा नाही. मग फायदा कुठला?

समजा प्रत्येकीला १२,००० ची शिलाई मशीन घ्यायची आहे. एकटीने साठवलं तर बारावा महिना उजाडावा लागतो. भिशीत पहिलीला ती पहिल्याच महिन्यात मिळते, दुसरीला दुसऱ्या, शेवटचीला बाराव्या. सरासरी वाट १ ते १२ ची बेरीज भागिले १२, म्हणजे साडेसहा महिने. शेवटची बाईसुद्धा एकटीने साठवलं असतं त्यापेक्षा मागे पडली नाही, बाकी अकरा जणी पुढे गेल्या. कोणाचंही नुकसान न करता बहुतेकांचा फायदा. अर्थशास्त्रात अशी उदाहरणं सहज सापडत नाहीत. बेस्ली, कोट आणि लाउरी यांनी १९९३ मध्ये हेच नीट सिद्ध करून दाखवलं. त्याआधी १९६२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी जगभरातल्या अशा मंडळांवर लिहिलं होतं. त्यांना वाटलं होतं की आधुनिक बँका आल्या की ही मधली पायरी विरून जाईल. कोल्हापुरात सहकारी बँका आणि पतसंस्थांची कमी नाही, तरी गल्लीतल्या तरुण मंडळांपासून हुपरीच्या चांदी कारागिरांपर्यंत भिशी चालूच आहे. गीर्ट्झ यांचा अंदाज चुकला, असं मी म्हणेन.

पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीची साप्ताहिक भिशी आणखी वेगळी. दर आठवड्याला ठरलेली रक्कम भरायची, मंडळ त्यातून गरजूंना व्याजाने देतं आणि दिवाळीच्या तोंडावर मुद्दल-व्याज वाटून घेतात. बोलीची भिशीही असते. ज्याला घाई आहे तो १२,००० ची भिशी १०,८०० ला उचलतो आणि उरलेले १,२०० बारा जणांत शंभर-शंभर वाटले जातात. म्हणजे घाईची किंमत ठरते. हे सगळं चालतं ते पहिला नंबर लागलेला माणूस पुढचे अकरा महिने पैसे भरत राहील या विश्वासावर. गल्लीत तोंड दाखवायची लाज हेच तारण. भिशी खूप मोठी झाली, सभासद एकमेकांना ओळखेनासे झाले की हे तारण संपतं, आणि मग वर्तमानपत्रात बातमी येते.

जमाखर्चाच्या पाहणीत मात्र भिशी फार त्रास देते. भरलेला हप्ता खर्च की बचत? मिळालेली रक्कम उत्पन्न की कर्ज? ज्या बाईचा नंबर तिसऱ्या महिन्यात लागला ती त्यानंतर कर्जदार असते, जिचा अकराव्यात लागणार ती तोवर सावकार. एकाच खोलीत बसलेल्या बारा बायकांची स्थिती दरमहा बदलते. पाहणीचा माणूस कुठल्या महिन्यात आला यावर आकडा अवलंबून.

ग्राहक भांडारांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सुरू केलेला मार्ग म्हणजे सभासदांनी मिळून दुकान काढायचं आणि नफा खरेदीच्या प्रमाणात परत वाटायचा. आपल्याकडे १९७८ मध्ये वारणा खोऱ्यात सुरू झालेला वारणा बझार याच घराण्यातला.

मला जास्त रस आहे तो मटणाच्या वाट्यांत. चार-पाच घरांनी मिळून बोकड घ्यायचं आणि वाटे घालायचे ही खेड्यातली जुनी रीत. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाचा दर भडकला तेव्हा त्यावरून चक्क आंदोलन झालं, समिती बसली. बाहेरच्यांना याचं हसू आलं. पण यात एक गंभीर कोडं दडलंय. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की दरडोई खर्च सारखा असलेल्या लहान आणि मोठ्या कुटुंबांत मोठं कुटुंब दरडोई अन्नावर कमी खर्च करतं. सिद्धांत उलट सांगतो. भाडं, दिवा, भांडी वाटली गेल्याने मोठ्या घरात पैसे सुटायला हवेत आणि गरीब घरात ते अन्नाकडे वळायला हवेत. तसं होत नाही. का, यावर अजून वाद आहे. घाऊक खरेदी स्वस्त पडते, शिजवताना वाया कमी जातं, किंवा मोठ्या घरात उत्तर देणाऱ्याला सगळं आठवतच नाही. शेवटची शक्यता हलक्यात घेऊ नका. मागच्या ३० दिवसांचं विचारायचं की ७ दिवसांचं, यावर आपल्या नमुना पाहणीत पन्नासच्या दशकापासून प्रयोग झाले आणि १९९९-२००० च्या फेरीत याच मुद्द्यावरून गरिबीच्या आकड्यांचा मोठा वाद पेटला. काळ बदलून विचारलं की तेच कुटुंब वेगळं उत्तर देतं.

आणखी एक कोल्हापुरी गोष्ट, जी कुठल्याच घराच्या हिशेबात नसते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी लोक शेणी दान करतात. होळी लहान करा, शेणी दान करा, असं आवाहन दरवर्षी होतं आणि ट्रॉल्या भरून शेणी येतात. घरात मृत्यू झाला की गरीब कुटुंब कर्जात जातं, हे जगभरच्या अभ्यासांत दिसतं. इथे त्या कर्जाचा एक भाग शहराने आधीच उचललेला असतो.

आता आपल्या मागच्या पानाकडे. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यासारख्या योजनांतून रोख रक्कम मिळू शकते. रक्कम हातात येणं चांगलंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रोख रक्कम आणि वसतिगृह या एकच गोष्टी नाहीत, आणि धोरणाच्या चर्चेत त्या एकमेकींच्या जागी सर्रास ठेवल्या जातात. भत्ता एकेका विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. तो एकटाच बाजारात जातो, एकटाच रूमवाल्याशी घासाघीस करतो, आणि भत्ता वाढला की परिसरातलं भाडंही वाढायला जागा असते. वसतिगृह त्याच पैशात एक चूल आणि एक छप्पर उभं करतं. भत्ता उशिरा आला तर मधले महिने कोण भरतं? घरचे. म्हणजे पुन्हा कोणाचं तरी डोरलं, कोणाची तरी भिशी, कोणाचे तरी शून्य रुपयांना धरलेले दिवस. दोन्ही मार्गांनी एका विद्यार्थ्यामागे खरा खर्च किती येतो, घरच्यांचा वाटा धरून, याची नीट तुलना करणारं काम आपल्या भागात व्हायला हवं. विषय शोधत असाल तर हा घ्या.

सुरुवात कुठून करायची तेही सांगते. शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात सोवनींचे खंड मागा. जुन्या बोर्डिंगांचे वार्षिक अहवाल मिळतात का बघा. मिळाले तर भाषणं आणि देणगीदारांची नावं ओलांडून थेट जमाखर्चाच्या पानावर जा. आचाऱ्याचा पगार, जळण, रॉकेल, धान्य, ताक. विद्यार्थ्यांची संख्या घ्या आणि दरडोई काढा. वर्षं बदलत जाताना जळणाचा दरडोई खर्च उतरतो का, हे पाहणं ही एका चुलीची सगळ्यात साधी कसोटी आहे. आणि हे चालू असताना घरी फोन करून विचारा, तुमच्या शिक्षणाच्या काळात घरात भिशी कोणकोणत्या महिन्यांत उचलली गेली. बहुतेकांच्या आईला तारखांसकट आठवतं.